ओवाळणीत आलेली माती

माझ्या सख्ख्या भावाने मला फसवलं. भाऊबीजेच्या दिवशी, ओवाळणीत, एका गोणीभर मातीच्या बाबतीत फसवलं. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे मी एका काचेच्या पेटीबद्दल, तिच्यातल्या सरड्याबद्दल आणि तांदळाच्या कणीएवढ्या किड्यांबद्दल पुष्कळ बोलणार आहे. वाचणाऱ्याला वाटायला नको की ही बाई बोलता बोलता मूळ गोष्ट विसरली.

आता पुन्हा तो मोसम आला आहे. गावाकडे पऱ्हाटी फुटली, कापसाची झाडं पांढरी झाली. अकोल्यात बसून मला ते कोणी सांगावं लागत नाही. कापसाच्या गाड्या बाजाराकडे जायला लागल्या की रस्त्याकडेच्या बाभळींना कापूस लागतो. काट्यांत अडकलेले पांढरे पुंजके दिवसभर वाऱ्यावर हलत राहतात. सकाळी पाणी हाताला गार लागतं, दुपारचं ऊन मात्र अजून डोक्यावर बसतं, आणि संध्याकाळी मोर्णा नदीच्या पुलावरून जुन्या शहराकडे येताना धुराचा आणि चकल्यांच्या तळणाचा वास एकदमच येतो. या वासाने मागच्या वर्षापर्यंत मला दिवाळी आठवायची. यंदा माती आठवते.

पुलाच्या अलीकडे माझी रोपवाटिका आहे. रेणूचे बाबा गेले तेव्हा तेलाच्या जुन्या डब्यांत वीस तुळशी लावून मी ती सुरू केली होती. आज आंब्याच्या कलमांपासून शोभेच्या पानांपर्यंत सगळं मिळतं. लोक म्हणतात, बाई तोंडाची तिखट आहे. आहेच. गोड बोलत बसले असते तर पहिल्याच वर्षी लोकांनी माझे डबेसुद्धा उचलून नेले असते. घासाघीस मी कोणाकडून शिकले नाही. ती उपाशी पोटाला आपोआप येते. मातीचा ट्रॅक्टर आला की मी आधी ट्रॉलीवर चढते, मधोमध हात खुपसते, मूठभर माती काढून हुंगते, थुंकी लावून तिची गोळी वळून पाहते, आणि मगच खाली उतरून भाव बोलते. वरून गाळाची माती पसरून खाली मुरूम भरणारे मी कितीतरी पाहिले. अकोल्यातला एकही ट्रॉलीवाला मला मातीत फसवू शकलेला नाही. म्हणून तर सुधाकरने केलं ते मला अजून घशाखाली उतरत नाही.

सुधाकर माझा धाकटा भाऊ. आमचं गाव अमरावतीकडे, रिद्धपूरच्या थोडं अलीकडे. काळी जमीन, कोरडवाहू कापूस.

आणि सरडा रेणूचा. रेणू माझी मुलगी, शेतकी शिकते. मागच्या दसऱ्यानंतर ती अमरावतीला मैत्रिणीकडे गेली आणि परत आली ती मांडीवर झाकणाचा टब घेऊन. मैत्रिणीच्या वडिलांची बदली लांब कुठेतरी झाली होती, त्यांना हे जनावर नेणं शक्य नव्हतं. जनावर ऑस्ट्रेलियाकडच्या जातीचं, गळ्याखाली काट्यांची दाढी असलेलं, हातभर लांब. त्याची सरकारी नोंदणी, ती रेणूच्या नावावर करायचा अर्ज, सगळे कागद तिने नीट फाईलला लावून आणले होते. बसमध्ये कंडक्टरने विचारलं म्हणे, "काय हाय त्याच्यात?" ही म्हणाली, "सरडा." तो म्हणाला, "मंग त्याचं अर्धं काढा." आजूबाजूची माणसं अकोल्यापर्यंत हसत आली.

मी हसले नाही. म्हटलं, "सरडे तं आपल्या कुंपनावर फुकटात हायत. अमरावतीहून कावून आनला?"

"आई, हा कुंपणावरचा नाही. त्याला आपण नाही ठेवला तर कोणी नाही."

"आन् खाते काय?"

"शेवग्याचा पाला, भोपळ्याचं फूल, किडे."

"म्हंजे माह्याच रोपवाटिकेवर जगन."

दोन दिवस मी त्याच्याकडे पाहिलं नाही. तिसऱ्या दिवशी मातीचा ट्रॅक्टर आला. मी ट्रॉलीवाल्याशी भांडत होते आणि टब शेजारच्या टेबलावर होता. मी एक बोलायची, आणि हा मान खालीवर करायचा. मी आवाज चढवला तशी त्याने दाढी फुगवली, ती काळी झाली, आणि छाती वर करून तो ट्रॉलीवाल्याकडे एकटक पाहायला लागला. ट्रॉलीवाला म्हणाला, "ताई, तुमी एकल्या कमी होत्या का, हा ठानेदार कायले बसोला?" भाव माझ्याच मनासारखा झाला. त्या दिवसापासून तो ठाणेदार.

टबात मात्र तो सुकत चालला होता. वर्तमानपत्रावर बसून राहायचा, कोपऱ्यात नखं घासायचा, खाणं अर्धवट टाकायचा. रेणू म्हणाली, "त्याला घर पाहिजे. थंडी पडायच्या आत." आणि मग तिने मला ते सांगितलं जे ऐकून मी पहिल्यांदा तिच्याकडे शेतकी शिकणारी मुलगी म्हणून पाहिलं. घर म्हणजे नुसती पेटी नव्हे. पेटीत खरी माती घालायची, जिवंत. तिच्यात झाडं लावायची, वाळका पाला टाकायचा, आणि बारीक किडे सोडायचे. ठाणेदार खाईल, टाकेल, घाण करेल. किडे ते सगळं खाऊन मातीला देतील, माती झाडांना देईल. आपण रोज पुसत बसायचं नाही. पेटी स्वतःच स्वतःला साफ ठेवते.

मी कुंडी भरता भरता थांबले. हे मला माहीत होतं. पुस्तकातलं नाव माहीत नव्हतं, एवढंच.

माझी माय सीतादही करायची. पहिला कापूस वेचायच्या आधी वावरात जाऊन धरतीला दहीभात द्यायचा. आमच्या घरची रीत अशी की सात झाडांना कुंकू लावायचं आणि नैवेद्य धुऱ्यावर, उंबराखाली ठेवायचा. धुरा म्हणजे दोन वावरांमधली न नांगरलेली पट्टी. आमच्या धुऱ्यावर बोरी होत्या, गवत होतं, मुंगळ्यांची वारुळं होती आणि मधोमध तो उंबर. त्याची फळं पिकून खाली पडायची, कुजायची, त्यांवर पाला पडायचा. तिथली माती वावराच्या मातीसारखी पायाला चिकटत नसे. पाय ठेवला की हलकेच आत जायची आणि उचलला की वर यायची. दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं भावंडं पळत जाऊन पाहायचो. पळसाचं पान कोरडं, लख्ख. एक शीत नाही. मी विचारायची, "माय, कोनं खाल्लं?" माय म्हणायची, "धरतीनं घेतलं." सुधाकर लहान होता, तो पान उलटं करून धरतीचं तोंड शोधायचा. पानाखाली राखाडी किडे इकडेतिकडे पळायचे. आम्हाला वाटायचं, ते आपले असेच आहेत.

गंमत अशी की पुढे मी तेच किडे आयुष्यभर मारले. रोपवाटिकेत कुंडी उचलली की खाली ते असायचेच. मुळं खातात असं मला कोणीतरी सांगितलं होतं. मी दर पंधरा दिवसांनी पावडर टाकत आले. गिऱ्हाईकाला किडा दिसला की रोप परत येतं. माझी माती स्वच्छ असते अशी माझी ख्याती आहे. रेणूने ती माती हातात घेतली आणि म्हणाली, "आई, हिच्यात काहीच जगणार नाही." मला राग आला. पण तो तिच्यावर काढण्यासारखा नव्हता.

म्हणून मग धुऱ्याची माती.

इथे एक मागची गोष्ट सांगावी लागते. आमचे बाबा गेले त्या वर्षी सुधाकर मला कचेरीत कागदावर सही करायला घेऊन गेला होता. बहिणी करतात तशी हक्कसोड. वावर त्याच्या एकट्याच्या नावावर व्हायचं होतं. ज्या बाईने कोथिंबिरीच्या जुडीचासुद्धा सांगितलेला भाव कधी दिला नाही, तिने त्या दिवशी एक शब्द न बोलता सही केली. माहेर राहावं म्हणून बायका सही करतात. मीही त्यासाठीच केली. फक्त बाहेर पायरीवर येऊन म्हटलं, "सुधाकर, वावर तुह्य. पन धुऱ्यावरचा उंबर माहा. त्याले हात लावायचा नाई."

तो हसला. "नेतं का काय अकोल्याले?"

"नेत नाई. तिथंच राहू दे. पन माहा हाय."

"बरं बाप्पा, तुहा."

एवढाच आमचा करार. कागदावर लिहिला नाही. उंबर लिहून द्या म्हटलं असतं तर लिहिणारा हसला असता.

तर मागच्या भाऊबीजेच्या आधी सुधाकरचा फोन आला. "ताई, यंदा काय आनू? साडी आनू का?" मी म्हटलं, "साडी नको. उंबराखालची एक गोनी माती आन. वरचा पाला बाजूले सारून, खालची. रेनूच्या सरड्याले पाह्यजे." तो एकदम गप्प झाला. मला वाटलं, सरडा ऐकून गप्प झाला.

तो आला. पाटावर बसला. मी ओवाळलं. त्याने गोणी दाराच्या आत आणून ठेवली होती, सुतळीने नीट शिवलेली. आणि मी ती उघडून पाहिली नाही. ज्या हाताने मी ट्रॉलीच्या मधोमध माती उपसते तो हात मी त्या दिवशी कुंकवाच्या करंड्यावर ठेवला. ओवाळणी उलटीपालटी करून पाहायची नसते. भावाने ताटात टाकलं ते डोळ्यांना लावायचं आणि आत न्यायचं. आमच्याकडे सगळ्या बायका असंच करतात, आणि त्यात आपण फसू असं कोणाच्या मनातही येत नाही.

दुसऱ्या दिवशी मी आणि रेणू पेटी भरायला बसलो. पेटी म्हणजे बंद पडलेल्या मिठाईच्या दुकानातलं काचेचं शोकेस. ते मी असं काही घासाघीस करून घेतलं की विकणाऱ्याने शेवटी हात जोडले. बर्फी ठेवायच्या फळ्या काढल्या, पुढच्या काचेला सरकत्या पट्ट्या बसवल्या, वर जाळी, जाळीवर दोन दिवे: एक उबेसाठी, एक उन्हासारख्या उजेडासाठी. तळाला विटांचे तुकडे, त्यावर मच्छरदाणीची जाळी, त्यावर पूर्णेची वाळू मिसळून माती. अंगणात सावलीला बसून आम्ही दोघी माती चाळत होतो. ऊन कलतं होतं. शेजारच्या गल्लीत कोणीतरी उरलेले फटाके एकेक करून वाजवत होतं. रेणू कॉलेजातल्या गोष्टी सांगत होती, मी हो हो करत होते. गेल्या कित्येक वर्षांत आम्ही दोघी इतका वेळ एकाच कामाला बसलो नव्हतो. तो मोसम म्हटलं की मला आधी ती दुपार आठवते, आणि मग बाकीचं.

चाळणीत पऱ्हाटीचं एक बुड आलं. मी ते उचलून बाजूला टाकलं. मग चंदेरी कागदाचा तुकडा आला, फवारणीच्या औषधाच्या पाकिटाचा असतो तसा. मी म्हटलं, वाऱ्याने धुऱ्यावर गेला असेल. ढेकळं दगडासारखी होती. हाताने फुटेनात, खलबत्त्याचा बत्ता आणला. मी म्हटलं, वाटेत वाळली असेल. मी मातीचा धंदा करते. मला सगळं दिसत होतं. मी एकेका गोष्टीला माझ्याच तोंडाने कारण देत गेले, आणि गोणी रिकामी केली. शेवटी सवयीने मूठभर माती नाकाशी नेली. कुजलेल्या पाल्याचा वास नव्हता. कसलाच नव्हता. मी मूठ सोडून दिली.

कोरफड लावली, बिनकाट्याचं निवडुंग लावलं, एका कोपऱ्यात चिनी गुलाब. बोरीचं एक वाकडं खोड आडवं टाकलं. पेटी सुंदर दिसत होती. गिऱ्हाईकं रोपं सोडून तिच्याकडे पाहायची.

मग नागपूरहून किडे आले. तिथले एक गृहस्थ घरी डब्यांत वाढवतात आणि पाठवतात. ओल्या शेवाळात गुंडाळलेले, नारिंगीसर, पायच पाय असलेले. रेणूने ते हळूच मातीवर सोडले आणि काकडीची एक चकती ठेवली. ठाणेदाराला मात्र तिने आत घातलं नाही. म्हणाली, "आधी हे रुळू दे. हे जगले तर तो जगेल."

पाचव्या दिवशी चकती तशीच होती, सुकून वळलेली. तिच्याभोवती नारिंगी कण पडले होते. एकही हलत नव्हता.

मी नागपूरला फोन लावला. काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. मरायला टेकलेला माल पाठवता, बायाबापड्या पाहून गंडवता, असं पुष्कळ. त्या गृहस्थांनी मध्ये एकदाही तोंड घातलं नाही. मी दमल्यावर म्हणाले, "ताई, दुसरे पाठवतो. फुकट. पण पेटी ओलसर ठेवा." दुसरे आले. ते चार दिवसांत गेले. मी पुन्हा फोन केला, तेव्हा त्यांनी आवाज न चढवता एकच विचारलं, "ताई, माती कुठली हाय?"

"माह्या माहेरची हाय. धुऱ्याची. तिथं कधी औषध पडलं नाई."

"तुमी सोता भरून आनली का?"

मी फोन ठेवला. समोर टबात ठाणेदार डोळे मिटून पडला होता. त्याला सवय आहे, नवीन जागा आली की जीभ लावून पाहतो. खोडाला, दगडाला, मातीला. रेणूने घाई केली असती तर पहिल्याच दिवशी त्याने ती माती चाटली असती. कणीएवढे किडे मेले म्हणून तो वाचला.

सुधाकरला फोन केला. म्हटलं, "माती कुठून भरली रे?"

"उंबराखालचीच तं हाय."

"पक्कं?"

"आता मातीवर का नाव लिवलं असते, ताई?" आणि मग लगेच, "बरं, सीतादही हाय पुढच्या सोमवारी. औंदा दुबार पेरनी झाली, म्हनून कापूस उशिरा फुटला. तू येऊ नको एवढ्या लांब, दगदग होते."

सीतादहीला मी दरवर्षी जात नाही. पण येऊ नको असं त्याने कधी म्हटलं नव्हतं. मी गेले.

बसमधून उतरून वावराच्या वाटेला लागले तेव्हा सकाळचं ऊन पडलं होतं. पऱ्हाटी पांढरी झाली होती. दुरून मी उंबर शोधत होते. माणूस गावाकडे जाताना घराआधी एखादं झाड शोधतो आणि ते दिसलं की पाय आपोआप हलके होतात. माझे पाय हलके होईनात. आपण वाट चुकलो असं वाटून मी एकदा मागे फिरून पाहिलं. मग कळलं की वाट बरोबर आहे. धुरा नव्हता. या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळ तासं, पेरणीच्या ओळी, एकसारखी पऱ्हाटी. उंबर होता तिथे बुडखासुद्धा नव्हता. तिथली झाडं शेजारच्या झाडांपेक्षा वीतभर उंच होती आणि त्यांना बोंडं जास्त लागली होती, एवढीच खूण.

माझी भावजय वर्षा नैवेद्याचं ताट घेऊन उभी होती. मला पाहून तिचा चेहरा उतरला. सुधाकर पलीकडे होता. तो जवळ आला आणि मी काही विचारायच्या आत म्हणाला, "ट्रॅक्टर वळत नव्हता, ताई. सावलीनं दोन्ही बाजूची पऱ्हाटी खुरटी राहे."

वर्षा हळूच म्हणाली, "ताई, आज नका. आज धरतीले जेवाले घालाचं हाय."

सीतादहीच्या दिवशी वावरात भांडायचं नाही, ही मायची रीत. मी भांडले नाही. अकोल्यातल्या बाजारात ज्या बाईचा आवाज पुलाच्या पलीकडे जातो ती ताट हातात घेऊन उभी राहिली. वर्षाने विचारलं, "निवद कुठी ठेवू?" कोणालाच कळेना. शेवटी तिने तो दोन ओळींच्या मधल्या ढेकळांवर ठेवला, पळसाच्या पानावर. मी निघताना मागे वळून पाहिलं. ऊन चढलं होतं. दही पिवळं पडत होतं, आणि त्यावर एक मुंगीसुद्धा आली नव्हती.

परतीच्या वाटेवर मी अकोल्याची बस धरली नाही, रिद्धपूरची धरली. का ते सांगता येत नाही. लहानपणी माय न्यायची. तिथल्या एका मठामागे जुनी झाडं आहेत आणि एक वयस्क बाबा झाडलोट करतात. झाडलेला पाला ते जाळत नाहीत, एका खड्ड्यात टाकतात. मी त्यांना माती मागितली. सवयीने म्हटलंही, "काय घ्याल?" ते माझ्याकडे पाहून म्हणाले, "बाई, मातीचं काय घेऊ? पन हळू ने. त्याच्यात जीव राह्यते."

मी माझी पिशवी पसरली. त्यांनी हाताने, खुरपं न लावता, मूठमूठ माती भरली. मध्येच एखादा गांडूळ वर आला की थांबायचे. काळी, हलकी, ओलसर माती, पाल्याच्या बारीक शिरा अजून तिच्यात दिसत होत्या. मी ती हुंगली आणि मला रडू आलं. मी लगेच नाक शिंकरलं, म्हणजे त्यांना वाटावं धूळ गेली.

आधीची माती मी आणि रेणूने घमेल्याने काढून टाकली. काचेवर तिचा करडा पट्टा राहिला होता, तो धुतला. नागपूरच्या गृहस्थांना मी पुन्हा फोन केला. माफी मागायला मला जमत नाही, मी म्हटलं, "सर, चूक तुमची नोती." ते म्हणाले, "माहीत हाय, ताई. पाठवून राहिलो." तिसऱ्या खेपेचे किडे पानावर ठेवलेल्या काकडीच्या चकतीवर संध्याकाळपर्यंत गोळा झाले. सकाळी चकतीची नुसती साल उरली होती. रेणूने मला हाक मारून दाखवलं. पान कोरडं, लख्ख. मला वाटलं, माय मागे उभी आहे.

मग ठाणेदार आत गेला. पहिला दिवस खोडामागे लपून बसला. दुसऱ्या दिवशी दिव्याखाली चढला, पोट पसरून, डोळे अर्धे मिटून. त्याने माती चाटली. रेणूने माझा हात धरला होता. काही झालं नाही. थंडी पडली, गेली. उन्हाळ्यात आम्ही पेटीवर ओलं गोणपाट टाकलं, कूलरसमोर ठेवली. चिनी गुलाबाला फुलं आली, ती त्याने खाल्ली, पुन्हा आली. किडे वाढले. आता खोड उचललं की खाली गर्दी असते. मी कुंड्यांखाली पावडर टाकायचं बंद केलं आहे. गिऱ्हाईक किडा पाहून दचकलं तर मी म्हणते, पाहिजे तर न्या, नाही तर राहू द्या. रोपं परत आली थोडी. पण मेली कमी.

कधी दुपारी गिऱ्हाईक नसलं की मी पेटीसमोर स्टूल टाकून बसते. काही घडत नाही. पानाचा एक तुकडा हलतो, खालून कोणीतरी ओढत असतं. काल इथे होतं ते आज नसतं. मी आयुष्यभर ज्या वस्तूंना भाव होता त्यांच्यासाठी भांडले. धुऱ्याला भाव नव्हता, म्हणून तो कोणाच्याच कागदावर नव्हता. जे कोणाच्याच कागदावर नाही त्याला कोणीही हात लावतं. हे मला कचेरीच्या पायरीवर उभी असतानाच कळायला हवं होतं. माझी चूक मी धरते. पण माझ्या चुकीने सुधाकरची झाकली जात नाही.

त्याने उंबर पाडला, याचा राग मला आता तितका येत नाही. ट्रॅक्टर वळत नसेल. पऱ्हाटीची दोन तासं वाढली असतील. घर चालवायला लागतं, मला ठाऊक आहे. राग आहे तो गोणीचा. फोनवर तो गप्प झाला तेव्हा सांगू शकला असता. बहीण ओरडली असती, आठ दिवस बोलली नसती, मग बोलली असती. त्याने तसं केलं नाही. तो वावरात गेला, औषध पडलेली माती फावड्याने गोणीत भरली, सुई घेऊन सुतळीने नीट तोंड शिवलं, आणि ती डोक्यावर घेऊन बहिणीच्या दारात आला. तिच्याकडून ओवाळून घेतलं. मी माझ्या हाताने त्याला पेढा भरवला.

वर्षभरात आमचं बोलणं झालं. पाऊस कसा आहे, रेणूची परीक्षा कशी गेली, वर्षाची कंबर. उंबराचं नाव त्याने काढलं नाही. मीही वाट पाहिली, तो काढेल म्हणून.

परवा भाऊबीज. काल त्याचा फोन आला. "ताई, यंदा काय आनू?"

मी म्हटलं, "तू ये फक्त."

तर सुधाकर, ये. पाट मी या वेळी पेटीसमोर मांडणार आहे. तू बसशील तेव्हा ठाणेदार दाढी फुगवून तुझ्याकडे पाहत असेल. घाबरू नको, तो सगळ्यांकडेच तसं पाहतो. मी तुला कुंकू लावीन, ओवाळीन, निरांजन खाली ठेवीन. मग ताटात काही टाकायच्या आधी तू मला सांगायचं, उंबर कोणत्या दिवशी पाडला, तेव्हा त्याला फळं होती का, आणि गोणीचं तोंड शिवताना तुझ्या मनात काय होतं. साडी नको, नोट नको. ताट मी रिकामंच धरून उभी राहीन. तू बोलेपर्यंत धरीन.